जुन्या मोटारीचीं पुढचीं चाकें

[आकाशवाणीवरून केलेलें भाषण]

मी मोटारींचा तज्ज्ञ नव्हे. जुन्या मॅट्रिकचा एक शाळामास्तर. शिंदखेड्यास मुलांना भूमिति शिकविण्यांत उभा जन्म गेला. परंतु माझ्या घरीं १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे, आणि निवृत्तीनंतर तिच्या पुढच्या दोन चाकांनीं मलाच भूमितीचा एक धडा दिला. तीच हकीकत आज सांगणार आहें.

ही गाडी आपल्यापैकीं बहुतेकांच्या परिचयाची आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नांवानें बाहेर पडूं लागली, आणि १९७४ मध्यें तिचें नांव पद्मिनी झालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीचीं वीस वर्षें भरलीं, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. घरोघर मायेनें ठेवलेल्या कांहीं गाड्या मात्र अजून चालतात. माझें सांगणें त्यांच्या मालकांसाठीं आहे.

तीन वर्षांपूर्वीं पावसाळा सरतां सरतां मी कुटुंबासह धुळ्यास निघालों होतों. तिचे डोळे दाखवावयाचे होते. नरडाण्याच्या अलीकडे खड्ड्यांतून गाडी वर आली आणि स्टिअरिंग हातांत थरथरूं लागलें. मीं वेग कमी केला, तोंच खाडकन् आवाज झाला व डावें चाक आपल्या मतानें वळलें. चाक वळविणाऱ्या दांडीच्या टोकाचा गोळा, म्हणजे कारागीर ज्याला टायरॉड एंड म्हणतात तो, आपल्या खोबणींतून निसटला होता. गाडी कपाशीच्या शेतांत शिरून थांबली. वेग थोडा होता म्हणून कुटुंबाच्या कपाळास खोंक पडण्यावरच निभावलें. त्यानंतर कित्येक महिने ती एस. टी.नें जाई, गाडीकडे पाहातहि नसे.

दोष गाडीचा नव्हता, माझा होता. दोन महिने आधींच स्टिअरिंगमध्यें ढिलाई आली होती. चाक तीन बोटें फिरवावें तेव्हां कोठें गाडी वळे. एका कारागिरानें स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळून दिला. पैसे थोडे लागले म्हणून मी संतुष्ट झालों. वस्तुतः ही फसवणूक होती, आणि तींत मीहि सामील होतों. पद्मिनीच्या पेटींत एक मळसूत्री दांडा असतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून तो मध्यभागींच अधिक झिजतो. मधली ढिलाई काढण्यासाठीं स्क्रू आवळला कीं पूर्ण वळणाच्या जागीं, जेथें झीज नाहीं तेथें, तो अडकूं लागतो. वळणानंतर चाक आपण होऊन सरळ येत नाहीं. शिवाय खरी ढिलाई किंगपिनांत व दांड्यांच्या सांध्यांत होती, ती तशीच राहिली. फक्त माझ्या हाताला ती कळेनाशी झाली.

गाडी ओढून घरीं आणल्यावर भाच्यानें सल्ला दिला, "मामा, पॉवर स्टेरिंग बसाडी ल्या." त्याच्या मनांत भंगारांतल्या एका नव्या लहान गाडीचें दातेरी पट्टीचें स्टिअरिंग होतें, ज्याला रॅक म्हणतात तें, आणि वर विजेची मोटर. माझा उजवा खांदा दुखतो हें त्याला ठाऊक आहे. सल्ला प्रेमाचा होता. रॅक वाईट असतो असेंहि नाहीं. आपली अँबॅसडर जन्मभर रॅकवरच चालली.

परंतु मीं खडू घेतला आणि अंगणांतल्या फरशीवर आकृति काढली. पद्मिनीचें पुढचें प्रत्येक चाक वरखालीं दोन बाहूंना धरलेलें असतें व गुंडाळी स्प्रिंगवर तोललेलें असतें. खड्डा आला कीं चाक वर जातें, पण सरळ रेषेंत नव्हे. बाहूंच्या मध्यबिंदूंभोंवतीं कंसांत जातें. चाक वळविणारी दांडीहि त्याच वेळीं आपल्या आंतल्या सांध्याभोंवतीं कंस काढते. हे दोन कंस जुळले तर चाक वरखालीं होऊनहि दिशा बदलीत नाहीं. दांडी चार बोटें आंखूड झाली किंवा तिचा सांधा थोडा खालीं बसला, तर कंस एकमेकांस छेदतात, आणि प्रत्येक खड्ड्यांत चाक आपोआप आंत किंवा बाहेर ओढलें जातें. परक्या गाडीचा रॅक त्या गाडीच्या बाहूंच्या मापानें केलेला असतो. भाच्यानें कंपासनें दोन्ही कंस स्वतः काढून पाहिले, तेव्हां तो गप्प झाला.

दुसरी गोष्ट वळणाची. चार चाकांच्या वाहनांत आंतल्या चाकानें बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे, कारण त्याचें वर्तुळ लहान असतें. म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडी बनविणाऱ्याची ही युक्ति. १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ आकरमन यानें तिचें पेटंट घेतलें व नांव त्याचें राहिलें. आपल्या दोन चाकांच्या बैलगाडीला या विवंचनेचें कारणच पडलें नाहीं! हें प्रमाणहि दांड्यांच्या कोनांत दडलेलें असतें, आणि जोडकामांत तें सहज बिघडतें.

कायद्याचाहि प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील मूळ तपशिलांत फरक पाडणाऱ्या बदलांना मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कडकपणें लावलें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते. तेव्हां असलें जोडकाम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणें बरें.

मग सुधारणा करूंच नये काय? करावी, पण आधीं मूळ माप परत आणावें. धुळ्याचे एक वृद्ध मिस्तरी आले. त्यांनीं पुढचें चाक जॅकवर उचललें, वरखालीं धरून हलविलें आणि मला ब्रेक दाबावयास सांगितलें. ब्रेक दाबल्यावर हलणें थांबलें तर दोष बेअरिंगचा; तरीहि हललें तर किंगपिनचा. आमचें हललें. मग दोन्ही बाजू धरून हलविलें. तेव्हां दांड्यांचे सांधे खडखडले. "मास्तर, गाडीना सांधा दुखतस," ते म्हणाले.

किंगपिन, त्यांचे बुश, सर्व टायरॉड एंड नवे घातले. सुटे भाग मुंबईहून मागवावे लागले. डावी स्प्रिंग बसली होती, म्हणून दोन्हीहि बदलल्या. एकच बदलली असती तर गाडी कलती झाली असती. मगच सुधारणेची पाळी आली. चारहि चाकांना रेडियल टायर घातले. पुढें एक जात व मागें दुसरी असें कदापि करूं नये. शॉकअप वायु भरलेले घेतले, परंतु लांबी मूळच्याशीं ताडून. आंखूड शॉकअप खड्ड्यांत पूर्ण ताणला जाऊन स्वतःच अडसर होतो. शेवटीं चाकांचे कोन जुळविले. कांहीं ठिकाणीं किंगपिनचा मागचा कलच कमी करून देतात. स्टिअरिंग हलकें लागतें खरें, पण त्याच कलानें गाडी सरळ धांवते आणि वळणानंतर चाक परत येतें. मीं तो कमी करूं दिला नाहीं.

रेडियलमुळें उभ्या गाडीचें स्टिअरिंग किंचित् जड झालें, हें कबूल करतों. म्हणून मी गाडी थोडी चालती झाल्यावरच चाक फिरवितों. भाचा अजून विजेच्या मोटरीचें नांव काढतो. सांधे नवे असतील व मापें अभंग राहतील तर उद्यां मी ऐकेनहि.

गेल्या संक्रांतीच्या आधीं गाडी दोंडाईच्यास न्यावयाची होती. मीं कांहीं बोललों नाहीं. कुटुंब बाहेर आली, खालीं वांकून तिनें डाव्या चाकामागें पाहिलें, विचारलें, "येथला गोळा नवा आहे ना?" आणि होय म्हणतांच पुढच्या आसनावर जाऊन बसली.