टेबल सगळ्यांचं

आपल्या तुकडीने शाळेला दिलेल्या टेबल टेनिसच्या टेबलावर दुपारी विद्यार्थ्यांशी आपला सामना आहे. त्याआधी थोडी उजळणी करू, कारण आपण शिकलो ते नियम आता बदललेत.

आपला गेम २१ गुणांचा, सर्व्हिस पाच-पाच. २००१ पासून गेम ११ गुणांचा, सर्व्हिस दोन-दोन. १०-१० झाल्यावर एकेक. चेंडूही ३८ ऐवजी ४० मिलिमीटरचा. सर्व्हिस करताना तो उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा. पहिला टप्पा आपल्या बाजूला, दुसरा जाळीपलीकडे. जाळीला घासून नीट पलीकडे पडला तर ‘लेट’, पुन्हा सर्व्हिस. बॅटचं एका बाजूचं रबर काळं, दुसरं भडक रंगाचं. चेंडू कोणत्या रबराने मारला, हे समोरच्याला कळायला हवं.

शाळेला एकच विनंती. बॅट आणि चेंडू कपाटात कुलूपबंद राहू नयेत. आमच्या वेळी आम्ही मुली बहुतेकदा गुण मोजायलाच उभ्या असायचो. आता गेम काही मिनिटांत संपतो, रांग भराभर पुढे सरकते. त्या रांगेत मुली असाव्यात, संघात न निवडलेली मुलंही असावीत.

भेटू टेबलापाशी!