जुहूची चौपाटी, आमचा बंडू आणि शेजारधर्म

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत पाण्यावरून, पार्किंगवरून आणि गळतीवरून भांडणं झाली. अलीकडे त्यात कुत्र्यांची भर पडली आहे. आरोपींपैकी एक माझा बंडू. म्हणून कमिटी म्हणाली, "काका, तुम्हीच बोला." बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, आज माझी सांगतो.

बंडूला मी आठवड्यातून दोनदा पहाटे वाकोल्याहून जुहूला नेतो. रिक्षात त्याच्याखाली जुनी चादर टाकतो, नाहीतर पुढच्या खेपेला रिक्षावाला थांबायचा नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी वाळू दिसताच मी पट्टा सोडला. "आमचा काही करत नाही हो," हे वाक्य तोंडपाठ होतंच. बंडू धावला तो थेट वाळूचा किल्ला करत बसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलीकडे. चावला नाही, खेळायलाच गेला. पण पोर घाबरून पालथी पडली, नाकातोंडात वाळू गेली. क्षणभर तिला श्वासच घेता येईना. तिचे आजोबा माझ्याच वयाचे. तिचं तोंड धुता धुता एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी तो बंडू आहे, आमच्यासाठी कुत्रा."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. त्या दिवसापासून पट्टा हातातून सुटलेला नाही.

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, वेळ. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्या पहाटे किनारा अरुंद, गर्दीला धक्का लागणारच. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला ओहोटी आणि मोकळी, ओली, घट्ट वाळू. भिंतीवरचं कालनिर्णय बघून निघा. उन्हं चढल्यावर जाऊ नका. वाळूवर तळहाताची मागची बाजू ठेवा; पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजणार.

दुसरी, पाणी. घरून बाटली आणि वाडगा न्या. तहानेने तो खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले. परत आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, पंजांच्या बेचक्यांतली वाळू काढा.

तिसरी, पावसाळा. जून ते सप्टेंबर मी बंडूला नेतच नाही. तेव्हा डांबरासारखे तेलाचे गोळे किनाऱ्याला लागतात. पंजाला चिकटले तर त्याला चाटू देऊ नका. खोबरेल चोळून मग साबणाने धुवा. ऑगस्टच्या सुमारास निळ्या फुग्यासारख्या ब्लू बॉटल येतात. वाळूवर मेलेली दिसली तरी तिचे धागे डंख करतात, आणि कुत्रा तर आधी नाकच लावणार. गणपती विसर्जनानंतर काही दिवस वाळूत खिळे आणि लोखंडी तुकडे असतात, तेही लक्षात ठेवा.

चौथी, शी. वाळूत पुरून चालत नाही. संध्याकाळी तिथेच कुणाचं तरी मूल किल्ला करणार असतं. खिशात जुनी वर्तमानपत्रं आणि पिशवी ठेवा, उचला, कचराकुंडीत टाका. रेबीजची लस वेळच्या वेळी द्या, महापालिकेचा परवाना काढा. आणि किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांपासून लांबून जा. तो त्यांचा इलाखा, आपण पाहुणे.

आता मुद्दा चौपाटीचा राहत नाही, आपल्या लिफ्टचा होतो. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर मी बंडूला घेऊन बाहेर थांबतो. दुसऱ्या खेपेला जातो. माझी दोन मिनिटं जातात, एवढंच. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांना हसू नका, आणि ज्यांना ते आवडत नाहीत त्यांनी मुक्या जिवावर दगड उचलू नये. बाकीचा ताळेबंद आपोआप जुळतो.

त्या मुलीच्या आजोबांची पुन्हा गाठ पडली नाही. माफी मागायची राहून गेली. ती आज तुमच्यासमोर मागतो.