मंत्र्यांना उत्तर टाळता येणार नाही असा प्रश्न



दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वादळ आलं. आमची केळीची बाग आडवी झाली, तशीच रावेर तालुक्यातल्या मामाचीही. तापीचं खोरं एकच, वारा एकच. पण मामाच्या हातात सातबारा, आमच्या हातात खसरा! मामाला हवामानावर आधारित पीक विम्याचे पैसे मिळाले. आमच्याकडे त्या वर्षी केळीला तो विमाच नव्हता.

बऱ्हाणपूरच्या केळीला हा विमा मिळावा, ही मागणी जुनी आहे. आपण लगेच म्हणतो, "खासदारांनी दिल्लीत आवाज उठवावा." पण तो उठवतात कसा, हे आपण कधी बघितलंय का? मी राज्यशास्त्र शिकते, म्हणून थोडं बघितलं.

लोकसभेत शून्य प्रहरात विषय मांडता येतो, पण मंत्र्यांनी तिथेच उत्तर द्यावं असं बंधन नाही. नियम 377 खाली विषय 250 शब्दांत बसवावा लागतो. प्रश्नोत्तराच्या तासाचं मात्र वेगळं आहे. किमान 15 दिवस आधी सूचना द्यायची. प्रश्न तारांकित असला तर मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, वर पूरक प्रश्नही विचारता येतात. अतारांकित असला तर लेखी उत्तर येतं, आणि ते कोणालाही वाचता येतं.

आता खरी मेख ऐका. "आमच्या केळीला विमा का नाही?" एवढंच विचारलं, तर दिल्लीला सांगता येतं की कोणत्या जिल्ह्यात कोणतं पीक घ्यायचं हे राज्य सरकार अधिसूचित करतं. झालं, विषय संपला! आणि विम्याच्या हप्त्याच्या अनुदानात केंद्राचाही वाटा असतो, म्हणून भोपाळलाही दिल्लीकडे बोट दाखवायला जागा राहते.

म्हणून प्रश्नच असा हवा: 2016 मध्ये ही योजना नव्या रूपात आली, तेव्हापासून बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी कोणकोणत्या वर्षी अधिसूचित झाली? कोणत्या वर्षी नाही? केंद्राने याबद्दल राज्याला कधी लिहिलं? याचं उत्तर साल आणि तारखेतच द्यावं लागेल. मग तोच कागद घेऊन आपल्या आमदारांकडे जायचं आणि विधानसभेत "का नाही?" हे विचारायला लावायचं.

मंत्र्यांनी सभागृहात "विचार करू" म्हटलं, तर तेही सोडायचं नाही. दिलेली आश्वासनं पाळली का, हे बघायला लोकसभेची स्वतंत्र समिती आहे.

मामाकडे बघून उसासे टाकून काय होणार? आपलं मत खंडवा मतदारसंघात पडतं, तर हक्काने तिथल्याच खासदारांना धरायचं. पुढच्या अधिवेशनाआधी प्रत्येकाने आपल्या गावातल्या पडलेल्या बागांची यादी करा: शेतकऱ्याचं नाव, खसरा क्रमांक, वादळाची तारीख. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, पण लिहा. निवेदन फाइलीत जातं, प्रश्न मात्र सभागृहाच्या नोंदीत राहतो.