हाक ऐकावी, नोंद करावी, काम जागेवर करावे
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. बी. एड. करून शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. तरीही आज संगणकातील एका विषयावर बोलावयास उभा आहे. याचे कारण एवढेच की, शाळेत संगणक-खोली सुरू झाली तेव्हा शिक्षकांत वयाने सर्वांत लहान मीच होतो, म्हणून खोलीची किल्ली माझ्या हाती आली. किल्लीबरोबर जबाबदारी आली आणि जबाबदारीबरोबर चुकाही आल्या. त्यांपैकी एका चुकीपासून आरंभ करतो.

आमच्या खोलीत लिनक्सवर चालणारे वीस संगणक आहेत. सहामाहीच्या चाचणीसाठी मी सी भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. मुलांची उत्तरे मुख्य संगणकाकडे येत आणि त्याच्या स्मृतीत साठत. वेळ संपली की मी कंट्रोल आणि सी ही दोन बटणे एकदम दाबावयाची, म्हणजे प्रोग्राम सर्व उत्तरे फाइलमध्ये लिहून बंद होई. घरी दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा ठीक झाले. चाचणीच्या दिवशी शेवटच्या मिनिटाला सगळ्यांची उत्तरे एकदम येऊ लागली आणि नेमक्या त्याच क्षणी मी बटणे दाबली. प्रोग्राम कोसळला. फाइल उघडून पाहिली, तर रिकामी!

मी मुलांना सांगितले, "मशीन बिघडले. रविवारी पुन्हा या." रविवारी मुले आली. शेजारच्या गावाहून येणाऱ्या एका मुलीला तिचे वडील दिवसाची मजुरी बुडवून एस. टी. ने घेऊन आले. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि तेच माझ्या मनाला लागले. कारण मशीन बिघडले नव्हते. बिघाड माझ्या लिहिण्यात होता. तो शोधण्यात पुढचे काही आठवडे गेले. त्या शोधात जे कळले, ते आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

युनिक्स ही संगणकप्रणाली 1969 साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. आजचे लिनक्स तिच्याच वळणावर बांधलेले आहे. या प्रणालीत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस आपल्या कामात गढलेली असते. तिला बाहेरून काही कळवावयाचे झाले, तर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, तिला सिग्नल देतो. सिग्नल ही चिठ्ठी नव्हे. ती नुसती हाक आहे, आणि तिला एक ठराविक क्रमांक असतो. कंट्रोल-सी दाबले की सिगइंट नावाचा 2 क्रमांकाचा सिग्नल जातो. "आवरते घ्या" असे सांगणारा सिगटर्म 15 क्रमांकाचा. हाताखालची प्रोसेस संपली की तिच्या पालक-प्रोसेसला सिगचाइल्ड मिळतो. 9 क्रमांकाचा सिगकिल मात्र थांबवता येत नाही आणि ऐकूही येत नाही. तो आला की प्रोसेस तेथेच संपते.

बहुतेक सिग्नलांसाठी प्रोग्राम लिहिणारा सांगून ठेवू शकतो की, "ही हाक आली तर माझे अमुक फंक्शन चालवा." त्या फंक्शनला हँडलर म्हणतात. आता ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हाक केव्हा येईल याचा काहीच नेम नसतो. चालू काम जेथे असेल तेथे, अगदी एका ओळीच्या मधोमधसुद्धा थांबते, हँडलर चालतो आणि मग काम पुढे सुरू होते.

यात धोका कोणता? आपण शाळेच्या कचेरीतील एक लेखनिक डोळ्यांसमोर आणा. तो कीर्द लिहीत आहे. पाचशे रुपये जमा लिहिले, शिल्लक अजून बदलावयाची आहे. इतक्यात हाक आली. समजा, नियम असा आहे की हाक आली की दुसरी नोंद लगेच, त्याच वहीत, त्याच माणसाने करावी. तो जुन्याच शिलकेवर दुसरी नोंद करील. मग पहिल्या कामाकडे वळून तिसरीच शिल्लक मांडील. माणूस प्रामाणिक, वही तीच, तरीही हिशेब चुकला! अपराध हाकेचा नाही. अर्धवट वहीला पुन्हा हात लावण्याचा आहे.

माझ्या प्रोग्रामात हेच घडले. उत्तरे वाढली की ती स्मृतीतील मोठ्या जागेत हलवली जात. मी बटणे दाबली तेव्हा जुनी जागा सोडून दिलेली होती आणि नव्या जागेचा पत्ता अजून लिहिलेला नव्हता. हँडलर जुन्या पत्त्यावर उत्तरे वाचावयास गेला आणि प्रोग्राम कोसळला. घरी मी एकटा सावकाश बटणे दाबत होतो, म्हणून तो क्षण कधी सापडलाच नाही. दहा वेळा बरोबर चालणे म्हणजे बरोबर असणे नव्हे, हा धडा मला वीस मुलांच्या खर्चाने मिळाला.

दुसरा धोका कुलपाचा. स्मृतीतून जागा देणारे मॅलॉक किंवा पडद्यावर लिहिणारे प्रिंटएफ यांसारखी फंक्शने आपल्या सामाईक वहीला काम चालू असेपर्यंत कुलूप लावू शकतात. तेवढ्यात हाक आली आणि हँडलरने तेच फंक्शन पुन्हा बोलावले, तर तो कुलूप उघडण्याची वाट पाहत बसतो. किल्ली मात्र ज्याला थांबवून हँडलर आला त्याच्याच खिशात असते. दोघे एकमेकांसाठी थांबतात आणि प्रोग्राम थिजतो. म्हणूनच पॉझिक्स या मानकाने हँडलरमध्ये निर्धोकपणे वापरता येतील अशा फंक्शनांची यादीच दिली आहे. राइट हे साधे फंक्शन त्या यादीत आहे. मॅलॉक आणि प्रिंटएफ नाहीत.

मग हँडलरने करावे तरी काय? उत्तर एका वाक्यात आहे: हाक ऐकावी, नोंद करावी आणि परतावे. खरे काम मुख्य प्रोग्रामने आपल्या सोयीच्या, सुरक्षित जागी करावे. भाकरी थापताना दार वाजले, तर घरातील बाई पिठाच्या हातांनी दार उघडायला धावत नाही. "आले हं," म्हणते, भाकरी तव्यावर टाकते, हात धुते आणि मग जाते. हाक तिने ऐकली आहे, विसरलेली नाही. परंतु हातचे काम अर्धवट टाकलेले नाही.

येथे एक बारीक गाठ आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी. एकाच वेळी अनेकांशी बोलणारे प्रोग्राम सर्वकाळ धावत नसतात. ते पोलसारख्या फंक्शनमध्ये झोपतात आणि कोठून तरी मजकूर आला की जागे होतात. हँडलरने एका चलात "हाक आली" अशी खूण केली आणि मुख्य प्रोग्रामने झोपण्यापूर्वी ती खूण पाहिली, तर पुरेसे वाटते. झोपेत हाक आली तर झोपमोड होऊन पोल परततोही. पण खूण पाहून झाली, नाही असे दिसले, आणि डोळे मिटण्याच्या आत हाक आली तर? खूण झाली, परंतु पाहणारा झोपला. आता दुसरे कोणी उठवीपर्यंत तो उठत नाही.

यावर डी. जे. बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक सुंदर युक्ती आहे. प्रोसेसने स्वतःसाठीच एक नळी, म्हणजे पाइप, उघडावयाची. हँडलरने तिच्यात एक बाइट टाकावयाचा. मुख्य प्रोग्राम इतर सर्व जोडण्यांबरोबर या नळीच्या दुसऱ्या टोकावरही लक्ष ठेवतो. आता हाक झोपेच्या आधी येवो वा नंतर, बाइट नळीत पडून राहतो आणि पोल लगेच परततो. मात्र नळीची दोन्ही टोके 'न थांबणारी' ठेवावीत, नाहीतर नळी भरल्यावर हँडलरच अडकून बसेल. तसेच एर्‌नो या चलाची किंमत हँडलरने जाताना होती तशी ठेवावी. लिनक्समध्ये 2007 पासून सिग्नलएफडी नावाची सोयही आहे. तीत सिग्नल आधी अडवून ठेवावयाचा आणि मग फाइल वाचावी तसा वाचावयाचा. मी माझा प्रोग्राम पाइपच्या युक्तीने पुन्हा लिहिला.

आणखी एक सावधगिरी. नेहमीचे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. पहिली हाक पोहोचण्याच्या आत तीच हाक आणखी दोनदा आली, तर तिन्हींची एकच होते. दार वाजले एवढे कळते, किती जण आले ते कळत नाही. म्हणून सिगचाइल्ड आला की एकाच संपलेल्या प्रोसेसची नोंद घेऊन थांबू नये. वेटपिड पुन्हा पुन्हा बोलावून, आता कोणी उरले नाही असे उत्तर येईपर्यंत सर्वांची नोंद घ्यावी. नाहीतर संपलेल्या प्रोसेस यादीत तशाच पडून राहतात. त्यांना 'झॉम्बी' असेच नाव आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, या शाळेतल्या चुका. मोठ्या माणसांच्या हातून होत नसतील. मित्रहो, तसे नाही. ओपनएसएसएच हा दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणारा प्रोग्राम आहे. जगातील असंख्य सर्व्हरांचे दार तोच राखतो. आलेल्या पाहुण्याने ठराविक वेळात, सहसा 120 सेकंदांत, आपली ओळख पटवली नाही, तर सिगअलार्म वाजतो. त्याच्या हँडलरमधून नोंदवहीत लिहिणारे सिसलॉग हे फंक्शन बोलावले जाई. लिनक्सवर ते पुढे मॅलॉकला हात घालते. हा दोष 2006 साली सापडला आणि दुरुस्त झाला. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये इतर बदल करताना त्या दुरुस्तीची सुरक्षेची अट चुकून निघून गेली, आणि मार्च 2021 च्या 8.5 पी 1 या आवृत्तीपासून जुना दोष परत आला. 1 जुलै 2024 रोजी क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी तो जाहीर केला. 32 बिटांच्या लिनक्सवर त्यांना सरासरी सुमारे दहा हजार प्रयत्नांनंतर तो नेमका क्षण साधला आणि संकेतशब्दावाचून यंत्राचा संपूर्ण ताबा मिळाला. 9.8 पी 1 या आवृत्तीत तो दोष दूर करण्यात आला. ओपनबीएसडी या प्रणालीने मात्र 2001 सालीच हँडलरमध्ये चालेल असे निर्धोक सिसलॉग करून ठेवले होते, म्हणून ती सुरक्षित राहिली. दोष तोच होता, जो माझ्या वीस संगणकांच्या खोलीत होता. फरक फक्त पसाऱ्याचा.

विद्यार्थी मित्रहो, हे शिकण्यासाठी महागडा वर्ग नको. जुना संगणक, त्यावर विनामूल्य मिळणारे लिनक्स आणि चिकाटी एवढे पुरे. 'मॅन 7 सिग्नल' आणि 'मॅन 7 सिग्नल-सेफ्टी' या दोन आज्ञा दिल्या की सर्व माहिती आणि ती यादी पडद्यावर येते. तुम्ही पायथन शिकत असाल, तर तेथेही हेच तत्त्व दिसेल. पायथनचा आतला हँडलर फक्त खूण करतो, आणि तुम्ही लिहिलेले फंक्शन मुख्य थ्रेडमध्ये नंतर, योग्य जागी चालते. आणि अडलेला प्रोग्राम बंद करताना पहिल्याच झटक्याला 9 क्रमांक वापरू नका. आधी सिगटर्म द्या, त्याला आपले आवरू द्या. मोठमोठे सर्व्हरही असेच बंद होतात. सिस्टिमडी सहसा 90 सेकंद वाट पाहतो आणि मगच सिगकिल देतो.

पालकांना एकच विनंती. मूल संगणकावर काही लिहीत असताना आपण हाक मारली आणि ते "आलो, अब्बा, एवढी ओळ संपवून," असे म्हणाले, तर रागावू नका. ते उद्धटपणा करीत नाही. मात्र ओळ संपल्यावर ते खरोखर येते की नाही, हेही पाहा. हाक नोंदवून विसरणे हा दुसऱ्या प्रकारचा दोष आहे.

राहता राहिली माझी गोष्ट. नवा प्रोग्राम तयार झाल्यावर मी जुना आणि नवा असे दोन्ही फळ्यावर लिहिले आणि वर्गाला सांगितले, "मशीन बिघडले नव्हते, माझे चुकले होते." त्या मुलीने हात वर करून विचारले, "सर, मग दहा वेळा बरोबर कसा चाललेला?" त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. तिच्या वडिलांकडे मी स्वतः जाऊन आलो.