चेक डब्यात ठेवू नका

आज चेकबद्दल बोलायचं आहे. सुरुवात आमच्या गटातल्या एका ताईंपासून करते.

ताई दिंडोरी तालुक्यातल्या. दीड एकर द्राक्षबाग. फेब्रुवारीत माल गेला आणि परराज्यातल्या व्यापाऱ्याने 10 फेब्रुवारी तारखेचा 1 लाख 80 हजारांचा चेक हातात दिला. वर म्हणाला, "ताई, आठ दिवस बँकेत टाकू नका, पैसे यायचेत." ताईंनी चेक रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला. आठाचे पंधरा झाले, मग महिना झाला. दर वेळी फोनवर गोड बोलणं. मेच्या अखेरीस ताई बँकेत गेल्या, तर खिडकीवरून उत्तर आलं, "चेकची मुदत संपली." व्यापाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

ताई बैठकीत म्हणाल्या, "अगं, मी तर तो नोटेसारखा जपून ठेवला होता." चूक नेमकी तिथेच झाली. चेक म्हणजे नोट नाही.

नोटा आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापतात. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, म्हणून ती कुणाच्याही हातात चालते. चेकवर सही असते व्यापाऱ्याची, म्हणजे खातेदाराची. चेक ही त्याने त्याच्या बँकेला लिहिलेली चिठ्ठी आहे: माझ्या खात्यातून यांना एवढे पैसे द्या. खात्यात पैसे असतील तर चिठ्ठी खरी, नसतील तर नुसता कागद. आणि या चिठ्ठीला मुदत आहे. चेकवर जी तारीख लिहिली, तिच्यापासून 3 महिने. पूर्वी 6 महिने होती. 1 एप्रिल 2012 पासून 3 झाली. अजून कितीतरी जणी सहाच धरून चालतात.

चेक खात्यात टाकला की आपली बँक त्याचा फोटो काढून समोरच्या बँकेला पाठवते. कागद गावोगाव फिरत नाही. चेकच्या तळाशी आकडे असतात. पहिले 6 चेकचा नंबर. पुढचे 9 बँकेचा पत्ता: 3 शहराचे, 3 बँकेचे, 3 शाखेचे. नाशिक शहरातल्या शाखांचे 422 ने सुरू होतात, आपल्या पिनकोडसारखेच. समोरची बँक सही, तारीख आणि शिल्लक बघते आणि हो किंवा नाही कळवते. याला पूर्वी दोन-तीन दिवस जायचे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर पुढे जात राहतात आणि उत्तर त्याच दिवशी द्यायचं असतं. म्हणजे व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे कळायला आता महिना थांबायचं कारण नाही.

नोव्हेंबर 2016 आठवा. 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, लासलगावला कांद्याचे पैसे चेकने मिळू लागले. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांच्याही हातात चेक आले. चेक आले, पण चेकचे नियम कुणी सांगितले नाहीत.

ते आता सांगते. वही घ्या आणि चार आकडे लिहा: 3, 30, 15, 1.

3 महिने: एवढ्यात चेक बँकेत टाकायचा. शेवटच्या आठवड्याची वाट बघायची नाही. टाकताना पावतीवर बँकेचा शिक्का घ्यायचा, चेकचा फोटो ठेवायचा.

30 दिवस: चेक वटला नाही तर बँक परतीचा मेमो देते. त्यावर कारण लिहिलेलं असतं. तो मागून घ्या, तो सोन्यासारखा जपा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं, की तिथून 30 दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, तीही पोहोचपावती मिळेल अशा पोस्टाने. फोनवरची भांडणं यात धरली जात नाहीत.

15 दिवस: नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला एवढी मुदत.

1 महिना: त्या 15 दिवसांतही दिले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार.

1881 च्या कायद्यातलं हे कलम 138. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी परराज्यातला असला तरी घाबरू नका. चेक आपण आपल्या खात्यात टाकला असेल, तर 2015 च्या दुरुस्तीनंतर तक्रार आपल्या बँकेची शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात होते. तारखेला त्याने इथे यायचं. आणि वकिलाच्या पैशाचं म्हणाल, तर बाईला उत्पन्न कितीही असो, कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा.

आमच्या ताईंचं 138 गेलं, कारण चेक मुदतीत बँकेत पोहोचलाच नाही. पैशाचा हक्क गेला नाही. त्यांच्याकडे वजनाच्या पावत्या होत्या. पण लांबचा रस्ता धरावा लागला. दोन वर्षांनी निम्मे पैसे आले, तडजोडीत. उरलेल्या निम्म्यात मुलीची फी होती.

आता दुसरी बाजू. चेक घेताना जेवढं सावध राहायचं, त्याहून जास्त देताना. खत-औषधाच्या उधारीसाठी, कर्जाला तारण म्हणून कोरा चेक सही करून देतो आपण. "नुसता ठेवायला" म्हणतात. कोऱ्या चेकवर आपण राजीखुशीने सही करून दिली आणि रक्कम दुसऱ्याने भरली, तरी चेक आपलाच धरला जातो. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. देणं तेवढं नव्हतं, हे मग आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं. कलम 138 तिथे आपल्यावर चालतं.

गटातही तेच. खात्यावर दोघींच्या सह्या कशासाठी असतात? एकीने दुसरीकडे बघावं म्हणून. पण अध्यक्ष शेतावर जाते म्हणून आधीच दहा चेकवर सह्या करून सचिवाकडे ठेवते. सचिव कितीही चांगली असो, हे करू नका. विश्वास नाही म्हणून नव्हे, विश्वास टिकावा म्हणून. नाव आणि रक्कम लिहून झाल्यावरच सही. रकमेच्या शेवटी "फक्त" आणि पुढे रेघ. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि मध्ये "फक्त खात्यात जमा", म्हणजे चेक हरवला तरी खिडकीवर कुणी रोख काढू शकत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर खाडाखोड नको, नवा चेक लिहा. चेक मराठीत लिहिलेला चालतो, लाजू नका.

त्या ताईंच्या प्रसंगानंतर आमच्या बैठकीत एक नवा प्रश्न आला. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहिले, की सचिव विचारते, "कुणाच्या घरात चेक आहे?" ज्यांच्याकडे असेल त्या नंबर, तारीख, रक्कम सांगतात. वहीत समोर शेवटची तारीख लिहितो. मागच्या हंगामात अशा सात नोंदी झाल्या. दोन चेक परत आले, दोन्हींच्या नोटिसा तिसाच्या आत गेल्या.

वही ताईंकडेच असते. व्यापारी "आठ दिवस थांबा" म्हणाला असं कुणी सांगितलं, की त्या वही मिटतात आणि म्हणतात, "चल, आजच जाऊ बँकेत."

तुमच्या घरातला डबा आज उघडून बघा.