पडद्यापलीकडचा प्राध्यापक
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला आज ऑनलाइन शिक्षणावर चार शब्द बोलावयास सांगितले, त्याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. या विषयावर बोलताना सहसा विद्यार्थ्यांनाच उपदेश केला जातो. मोबाईल कशासाठी वापरावा, कशासाठी वापरू नये, हे तुम्ही घरी रोज ऐकत असाल. त्यात मी भर घालणार नाही. मला बोलावयाचे आहे ते पडद्याच्या पलीकडे बसलेल्या प्राध्यापकाविषयी. कारण तो एकटा पडला, त्याला काही जमले नाही, तर त्याचा पगार थांबत नाही. वर्ष वाया जाते ते तुमचे. म्हणून हा प्रश्न तुमचा आहे, आणि तुमच्या आई-वडिलांचाही आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. मी पदवी वर्गांना तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत आम्हाला निरोप आला की, तास ऑनलाइन घ्यावेत. कसे घ्यावेत, हे निरोपात नव्हते. मी स्टीलच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि वर्गात बोलत असे तसाच पन्नास मिनिटे बोलत सुटलो. समोर चेहरे नव्हते, नुसती नावे होती. सकाळी अकराला तास, तासाच्या शेवटी हजेरी, असा माझा शिरस्ता होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी एकाही तासाला दिसली नाही. मी तिच्या नावापुढे सलग गैरहजेरी मांडली. पुढे तिने शिक्षण सोडले.

दोन वर्षांनी ती मला एका औषधाच्या दुकानात काम करताना भेटली. घरात मोबाईल एकच, तो भावाचा. भाऊ रुग्णालयात वॉर्डबॉय; सकाळी जाई तो रात्री येई. "सर, तुम्ही रात्री शिकवले असते तर मी बसले असते," एवढेच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला अधिक लागले. रात्री शिकवण्याचीही गरज नव्हती. धड्याचे दहा-दहा मिनिटांचे भाग करून ते ध्वनिमुद्रित करून ठेवले असते, तर ती ते रात्री नऊनंतर पाहू शकली असती. हे मला कोणी सांगितले नाही, कारण माझ्या आसपास ते कोणालाच ठाऊक नव्हते. अज्ञान माझे होते. पण एकेका शिक्षकाला त्याच्या अज्ञानावर सोडून देणे ही व्यवस्थेची उणीव होती.

मित्रहो, दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवणे ही काही कालची कल्पना नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. त्यांनी पहिल्यापासून एक गोष्ट ओळखली होती. दूरस्थ अभ्यासक्रम एकटा प्राध्यापक तयार करू शकत नाही, त्यासाठी चमू लागतो. विषयाचे जाणकार, संपादक, बीबीसीचे निर्माते आणि अध्यापनतंत्राचे अभ्यासक एकत्र बसून अभ्यासक्रम घडवीत. आपल्याकडे ऑगस्ट १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. येथील ज्येष्ठांना तो आठवत असेल. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटीईएल' हा उपक्रम सुरू केला. त्यानंतर ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठाचे उद्घाटन झाले.

या शेवटच्या गोष्टीचा तुमच्या गुणपत्रिकेशी थेट संबंध आहे. २०१६ च्या नियमांनी 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा विद्यापीठांना दिली. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे पदवीचा एवढा मोठा वाटा विद्यार्थी पडद्यावरून मिळवू शकतो. हा वाटा कसदार असेल तर लहान गावातल्या महाविद्यालयातील मुलाला देशातल्या उत्तम शिक्षकाचे अध्यापन मिळेल. तो निकस असेल तर शहरातला श्रीमंत मुलगा खाजगी शिकवणी लावून उणीव भरून काढील आणि आपला मुलगा मागे राहील.

कसदार अभ्यासक्रम म्हणजे काय? 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमाला चार अंगे असावी लागतात. पहिले, चित्रफीत. दुसरे, वाचावयाचा मजकूर. तिसरे, विद्यार्थ्याने स्वतःला तपासून पाहावयाचे प्रश्न. चौथे, शंका विचारण्याची आणि चर्चेची जागा. आपल्याकडे सारा भर पहिल्या अंगावर पडतो. कॅमेरा आणला, कोट घातला, भाषण केले, की अभ्यासक्रम झाला असे वाटते. वस्तुतः विद्यार्थी शिकतो तो अधिककरून तिसऱ्या आणि चौथ्या अंगात. प्रश्न सोडवताना चुकतो तेव्हा आणि त्या चुकीवर शिक्षकाचे उत्तर येते तेव्हा.

तेव्हा प्राध्यापकाला साहाय्य करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ते मी अनुभवाने सांगतो. टाळेबंदीनंतर, निवृत्तीच्या आधी, मी एक लहानसा अभ्यासक्रम तयार केला. त्यात ज्या अडचणी आल्या त्यांतूनच ही यादी झाली आहे.

पहिली गरज वेळेची. वर्गात तासभर शिकवण्यासाठी मला एक संध्याकाळ तयारी पुरे होई. तोच भाग ऑनलाइन करावयास मला आठवडा लागला. मजकूर लिहिणे, त्याचे तुकडे करणे, ध्वनिमुद्रण, दुरुस्ती आणि प्रत्येक तुकड्याला प्रश्न, एवढी कामे त्यात होती. कामाचा भार तोच ठेवून हे वर करा म्हटले, तर शिक्षक जुन्याच टिपणांवर कॅमेरा रोखील. अभ्यासक्रम लिहिणाऱ्या शिक्षकाचे काही तास कमी करणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्या कामाचा खर्च आहे.

दुसरी गरज सोबतीची. ज्याला विषय येतो त्याला छायाचित्रण यावे, आवाज स्वच्छ करता यावा, संगणकावर प्रश्नपत्रिका बांधता यावी, अशी अपेक्षा का करावी? प्रत्येक विद्यापीठात दोन-चार जाणकारांचा असा कक्ष हवा, जेथे प्राध्यापक कच्चा मजकूर घेऊन जाईल आणि समोरचा माणूस त्याला विचारील, "सर, हा भाग संपल्यावर विद्यार्थ्याला नक्की काय करता आले पाहिजे?" हा प्रश्न मला एका तरुण सहकाऱ्याने विचारला. मी निरुत्तर झालो. तीस वर्षे मी 'भाग पूर्ण केला' असे म्हणत आलो होतो. विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले, हे मोजले नव्हते.

तिसरी गरज प्रशिक्षणाची. प्रशिक्षण म्हणजे सभागृहात बसून दोन दिवस भाषणे ऐकणे नव्हे. पोहणे शिकवणाऱ्याने आधी पाण्यात उतरावे. शिक्षकाने स्वतः एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यार्थी म्हणून पूर्ण करावा, मुदतीत गृहपाठ द्यावा, परीक्षेला बसावे. २०१८ साली सरकारने 'अर्पित' या नावाने शिक्षकांसाठीच 'स्वयम्'वर उजळणी अभ्यासक्रम सुरू केले, त्यामागची ही दृष्टी योग्य होती. मी अशा एका अभ्यासक्रमाला बसलो आणि तिसऱ्याच आठवड्यात मागे पडलो. विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट का सोडतात, हे मला त्या आठवड्यात कळले.

चौथी गोष्ट लांबीची आणि खर्चाची. २०१४ साली अमेरिकेत एका अभ्यासात सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या शैक्षणिक चित्रफितींची पाहणी झाली. सहा मिनिटांहून लहान फिती विद्यार्थी बहुधा पूर्ण पाहतात आणि लांबलचक फिती अर्ध्यात टाकतात, असे त्यात दिसले. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे डेटा. लहान फीत कमी डेटात उतरते, तुटली तर पुन्हा पाहता येते. सोबत नुसता आवाज आणि छापील मजकूर वेगळा दिला, तर कमकुवत जोडणी असलेल्या गावातही काम भागते.

पाचवी गोष्ट भाषेची. माझी वीस वर्षांची मराठी टिपणे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. ती मी तशीच वर चढवली आणि विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा काला दिसू लागला. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकावा लागला. हे काम क्षुल्लक वाटते, पण मराठीतून शिकवणारे असंख्य शिक्षक नेमके येथेच अडतात. 'एनपीटीईएल'ने काही व्याख्यानांचे लेखी मजकूर मराठीसह भारतीय भाषांत आणले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मराठीत मुळातून घडवलेले अभ्यासक्रम वाढावयाचे, तर मराठी टंकणारा आणि मुद्रिते तपासणारा साहाय्यक प्राध्यापकाला मिळाला पाहिजे. चित्रफितीखाली अक्षरे उमटली तर ज्याला ऐकू येत नाही त्याची सोय होते, आणि गोंगाटाच्या घरात बसून शिकणाऱ्याचीही होते.

सहावी गोष्ट शिकवण्याची. अभ्यासक्रम तयार करून ठेवला म्हणजे तो शिकवला असे होत नाही. शेकडो विद्यार्थ्यांच्या शंका आल्या तर एकटा शिक्षक कोणाकोणाला उत्तर देणार? पदव्युत्तर विद्यार्थ्यांतून मानधनावर साहाय्यक नेमले, आठवड्याचे दोन ठरावीक दिवस उत्तरांसाठी राखले आणि जो विद्यार्थी दोन आठवडे दिसला नाही त्याला फोन केला, तर गळती थांबवता येते. तो एक फोन मी त्या मुलीला केला नव्हता.

सातवी गोष्ट मान्यतेची. २०१८ च्या आयोगाच्या नियमांत, चारही अंगांसह पूर्ण चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्यास २० संशोधन-गुण ठेवले गेले. पण कागदावरचा गुण आणि महाविद्यालयातला मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजूनही "बोर्डापुढे उभे न राहता शिकवणारा" असे कुत्सितपणे म्हटले जाते. शिवाय चित्रे, उतारे, नकाशे दुसऱ्याचे घेतले तर परवानगीचा प्रश्न येतो. वर्गात चालते ते जगापुढे मांडताना चालेलच असे नाही. हे समजावून सांगणारा माणूस हाताशी हवा. नाहीतर शिक्षक भीतीपोटी नुसता मजकूर वाचून दाखवतो.

बंधू-भगिनींनो, आपण म्हणाल, ही कामे विद्यापीठाची आहेत, मंडळाने यात काय करावे? खरे आहे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, हे आपण विसरू नये. घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीने लावावे, ही दृष्टी त्यात होती. ऑनलाइन अभ्यासक्रमाची खरी ताकद हीच आहे. ती वाया जाऊ नये म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो.

एक, मंडळाची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असावी आणि तेथे वायफाय व चार संगणक असावेत. ज्याच्या घरी मोबाईल एकच आहे, त्याला हक्काची जागा मिळेल. दोन, मंडळात निवृत्त शिक्षक, बँकेतले, तारायंत्र-दूरध्वनी खात्यातले अनेक सभासद आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे बसावे. विषय येत नसेल तरी चालेल, "या आठवड्याचा गृहपाठ दिलास का?" एवढे विचारणारे माणूस असले तरी मूल टिकते. तीन, आपल्यापैकी जे प्राध्यापक आहेत, त्यांनी आपापल्या महाविद्यालयात वेळ, साहाय्यक आणि प्रशिक्षण ही मागणी लेखी करावी. ही मागणी पगारवाढीची नाही, विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आहे. ती करताना संकोच नको.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगतो. ऑनलाइन शिकवणारा शिक्षक तुमचा चेहरा पाहू शकत नाही. कळले नाही तर लिहा. अडचण मोबाईलची असेल, वेळेची असेल, घरची असेल, तरी लिहा. आम्हाला ती आपोआप दिसत नाही. तुमच्यापैकी काहीजण उद्या स्वतः प्राध्यापक व्हाल. तेव्हा हजेरीपटावर एखाद्या नावापुढे सलग रेघा दिसल्या, तर गैरहजर लिहिण्यापूर्वी एकदा विचारा की, त्या घरात मोबाईल किती आहेत आणि तो घरी केव्हा येतो.