दारची रांगोळी

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज एक रांगोळी काढावयाची आणि तिचें छायाचित्र इन्स्टाग्रामवर ठेवावयाचें, असा नेम मीं गेल्या दिवाळींत धरला होता. परगांवच्या बहिणीला घरचें अंगण दिसावें, एवढाच हेतु. पण दुसऱ्याच दिवशीं मन रांगोळींतून छायाचित्रांत गेलें. गेरूवरची पांढरी रेघ कोंवळ्या तिरप्या उन्हांत उठून दिसते, भर दुपारीं सपाट होते, हें ध्यानांत आलें. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें, तेव्हां पुढें पांच वर्षें तेथें चित्र चौरसच लागे. दहा ओळींत दहा ठिपक्यांची आमची रांगोळीहि चौरसच. जणुं ठरवूनच!

पाडव्याच्या सकाळीं वृद्ध आत्याबाई दाराशीं आल्या. मीं म्हटलें, "आत्या, जरा थांबा हं, ऊन येऊं द्या." फराळाचा डबा घेऊन त्या पायरीखालीं निमूटपणें उभ्या राहिल्या. जी रांगोळी येणाराच्या स्वागताची, तिनेंच त्यांना बाहेर थांबविलें! चित्र उत्तम आलें, पुष्कळांनीं वाखाणलें. मला मात्र तें अजून पाहवत नाहीं.

यंदांहि छायाचित्रें काढीन, बहीण वाट पाहते. मात्र आत्याबाई आंत येऊन बसल्यावर. तोंवर ऊन सरकलें तर सरकलें.